दुपारनंतर चढणारा ताप

ताप आला तेव्हा मी त्याला ताप म्हणालेच नाही. दिवसभर लाइनवर उभं राहिलं की संध्याकाळी अंग दुखतंच, डोकं जड होतंच, त्यात नवल काय? चाकणच्या एका कंपनीत मी तेव्हा ट्रेनी होते. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो तो बोर्डावर मांडायचा, त्याला टेप गुंडाळायची, टोकांना कनेक्टर बसवायचे, असं काम. बोर्ड सरकत राहतात, त्यांच्याबरोबर आपणही सरकायचं. एक बाई थांबली की तिच्या पुढच्या सगळ्यांचं काम अडतं, म्हणून कोणी थांबत नाही.

मी लातूरकडची. डिप्लोमा झाल्यावर गावाकडच्या एका ओळखीनं इकडे आले आणि कंपनीच्या बसस्टॉपपासून जवळ असलेल्या एका गावात खोली घेतली. त्याला गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. शेतांत शेड उभ्या राहिल्या होत्या आणि रस्त्यावरून दिवसभर कंटेनर जायचे. पण आमची घरमालकीण अस्सल तिथलीच. सगळ्या मुली तिला मावशी म्हणायच्या. घरामागं तिनं ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि सगळ्या मुलींनाच दिल्या होत्या. "पोरांना खोली दिली की दारू न्हाईतर भांडणं. पोरी बऱ्या," असं ती म्हणायची. पोरींवर मात्र डोळा ठेवावा लागतो, असंही तिचंच म्हणणं. फाटकाशी खुर्ची टाकून ती बसलेली असायची आणि कोण कधी आली, कोणाबरोबर आली, कशी चालत आली, हे सगळं तिला ठाऊक असायचं.

खोलीत माझ्याबरोबर चिपळूणकडची एक मुलगी होती. ती दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला होती. आमच्या शिफ्ट जुळायच्या नाहीत, पण जुळल्या की ती इतकं बोलायची की मधले सगळे दिवस भरून निघायचे.

सुरुवातीला नुसतं कपाळ दुखायचं. कामावरून आले की अंग कसकसायचं, गोधडी ओढून पडावंसं वाटायचं. पॅरासिटामॉलची गोळी घेतली की घाम फुटायचा, आणि सकाळी उठले की बरं असायचं. अगदी ठणठणीत नाही, पण बसस्टॉपपर्यंत जाण्याइतकं बरं. सगळा घोटाळा झाला तो या सकाळच्या बरं वाटण्यानं. सकाळी ताप नसेल तर आजारी कसं म्हणायचं? सुपरवायझरला काय सांगायचं, की आत्ता मी बरी आहे पण जेवणानंतर आजारी पडणार आहे?

पण तसंच व्हायचं. जेवणाची सुट्टी संपून पुन्हा बोर्डापुढं उभी राहिले की पाठीतून काहीतरी हळूहळू वर चढत यायचं. हात जड व्हायचे. कनेक्टर नीट बसला की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला की नाही तेच मला कळेनासं झालं. एकच कनेक्टर मी पुन्हा पुन्हा दाबत राहायची. शेजारची बाई म्हणायची, "अगं, बसलाय तो. पुढं चल."

बसस्टॉपजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथं ही गर्दी. डॉक्टरांनी घसा पाहिला, हवा बदललीय म्हणाले, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. दोन दिवसांत उतार पडला, म्हणून मी उरलेल्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि विसरले. मग ताप परत आला. या वेळी तो रेंगाळला. गोळी घेतली तरी पूर्ण उतरेना, आणि आदल्या दिवसापेक्षा आज जरा जास्तच वाटायचा. थर्मामीटर आमच्याकडं नव्हता. आपलाच तापलेला हात आपल्याच कपाळाला लावून काय कळणार?

जेवण तर गेलंच. कँटीनमध्ये डाळीचं झाकण उघडलं की मळमळायचं. खोलीवर भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसायची. पोट साफ होईना, आणि काही खाल्लं नसताना फुगल्यासारखं व्हायचं. सलवारीची नाडी सैल बांधायला लागले. आणि एक चमत्कारिक अस्वस्थपणा. पडून राहवत नव्हतं, बसवत नव्हतं. उठून भांडी घासायची, ती मधेच सोडून कपड्यांच्या घड्या घालायची, घड्या सोडून दारात जाऊन उभी राहायची. चिपळूणवाली म्हणायची, "बस गो एका जागी. तुला बघून मलाच गरगरायला लागलं."

एक दिवस बसमधून उतरले तेव्हा पायांत जीवच नव्हता. आमच्याच लाइनवरचा एक मुलगा मागून उतरला. त्याची गाडी स्टॉपवर लावलेली असायची. "सोडू का?" म्हणाला. मी हो म्हणाले. त्यानं मला फाटकाशी सोडलं. मावशी खुर्चीत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. ताप चढलेला होता, मला फक्त आडवं व्हायचं होतं.

अर्थ लागला तो चिपळूणवालीनं विचारलं तेव्हा. ती सुट्टीच्या दिवशी केस विंचरत बसली होती. म्हणाली, "एक विचारू? रागावू नको हां."

"विचार."

"तुझी पाळी आली का गो?"

पाळी लांबली होती. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि आता तिनं विचारल्यावर मी बोटांवर दिवस मोजायला लागले. "असं का विचारतेस?"

"मी नाही. मावशी विचारत होती. ओकाऱ्या येतात का, जेवते का, असं. मी म्हटलं तसं काही नाही. तसं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"तेच मी म्हटलं," ती म्हणाली, आणि पुन्हा विंचरायला लागली. पण तिचा फणी धरलेला हात जरा थांबत थांबत चालला होता, ते मी पाहिलं.

तेव्हापासून माझी झोप गेली. तसं काहीच घडलेलं नाही हे मला माहीत होतं. घडण्यासारखं कोणी माझ्या आयुष्यातच नव्हतं. पण नाही हे दाखवायचं कसं? संडासाकडं जाताना शेवटच्या खोलीतल्या मुली बोलता बोलता गप्प व्हायच्या. मी मुद्दाम पोट आत घेऊन चालायला लागले. आणि खरं सांगते, तापाच्या ग्लानीत मला माझीच शंका यायची, की माझ्या नकळत काही झालं तर नसेल? पेपरात वाचलेल्या, कोणी सांगितलेल्या कसल्या कसल्या गोष्टी डोक्यात यायच्या.

आईचा फोन आला. "आवाज असा काऊन यायलाय गं माय?"

"जरा सर्दी झालीय."

"मग ये की घरी दोन दिवस."

"ट्रेनिंग चालूय. सुट्टी नसते," असं म्हणून मी फोन ठेवला. तिला तापाचं सांगितलं असतं तर तिनं पुढचंही विचारलं असतं, आणि पुढचं मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

त्यानंतरच्या साप्ताहिक सुट्टीला, सकाळी, मावशी थेट खोलीत आली. "ऊठ. कापडं बदल. डॉक्टरीनबाईकडं जायाचंय."

"मावशी, मी गोळी घेतलीय."

"गोळीनं जानारं दुखनं हाय का न्हाई त्येच बगायचंय. ऊठ."

विरोध करायची ताकद नव्हती. रिक्षानं आम्ही गेलो. दवाखान्यात शिरले तर भिंतीवर गुटगुटीत बाळाचा फोटो आणि बाकांवर सगळ्या पोटुशी बायका. मावशीनं मला कोपऱ्यात बसवलं, स्वतः खेटून बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पोरी, कुनाचं हाय त्ये मला सांग. मी वरडनार न्हाई. त्या गाडीवाल्याचं हाय का?"

"काय कुणाचं?"

"आता काय म्हनून इचारतीस व्हय!"

मी ताडकन उठले. बाहेर जायचं, रिक्षा धरायची, खोलीवरून बॅग उचलायची आणि लातूरची गाडी गाठायची, इतकं सगळं एका क्षणात ठरवलं. पण दाराकडं वळताच डोळ्यांपुढं अंधारी आली. मावशीनं माझं मनगट धरलं म्हणून मी पडले नाही. बाकावर बसवल्यावरही तिनं मनगट सोडलं नाही.

"आगं, हात केवढा तापलाय तुझा!" ती म्हणाली. मग पदराला हात पुसून तिनं माझ्या गळ्याला लावला. इतके दिवस ती मला येता-जाता पाहत होती, पण हात लावायची वेळ तिच्यावर तेव्हाच आली.

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. मावशी सांगायला लागली तशा त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसा."

"मी तिच्या आईच्या जागी हाय."

"आई आली तर तिलाही मी बाहेरच बसवते."

मावशी गेली. डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. "पाळी कधी आली होती?" मी सांगितलं. "दिवस राहण्याची काही शक्यता?"

"नाही."

"बरं. तरी लघवीची टेस्ट करूया का? म्हणजे बाहेर बसल्यात त्यांना उत्तर मिळेल. तुझी हरकत असेल तर नको."

मी हो म्हणाले. मला उत्तर माहीत होतं, तरी मी त्या पट्टीवरून नजर हलवली नाही. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "काही नाही. हा विषय संपला. आता तुझ्या दुखण्याचं बोलू. ताप कधीपासून आहे?"

मला रडूच आलं. ताप कधीपासून आहे हे इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला रडू दिलं आणि काखेत थर्मामीटर लावला.

"सकाळी कमी, दुपारनंतर जास्त, असं होतं का?"

"हो."

"एकदम हुडहुडी भरून चढतो की हळूहळू?"

"हळूहळू. आणि रोज थोडा जास्त. आधी गोळीनं उतरायचा, आता उतरत नाही."

"डोकं?"

"सारखं दुखतं. इथं, कपाळात."

"जुलाब होतात?"

"नाही, उलट साफच होत नाही. आणि पोट फुगतं."

"जीभ दाखव." त्यांनी टॉर्च मारला, मग ड्रॉवरमधून छोटा आरसा काढून माझ्यापुढं धरला. "बघ."

जिभेवर मधे पांढरट जाड थर होता आणि कडा लालभडक. मी रोज दात घासत होते, पण जीभ कधी पाहिलीच नव्हती.

त्यांनी मला टेबलावर झोपवून पोट दाबलं. उजवीकडं खाली दाबल्यावर मी कळवळले. डाव्या बरगडीखाली त्या बराच वेळ बोटांनी चाचपत राहिल्या. मग मनगट धरून घड्याळाकडं पाहिलं, थर्मामीटर पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिलं. "एवढ्या तापात नाडी पळायला पाहिजे. तुझी आपली सावकाश चाललीय," त्या म्हणाल्या. मी दवाखान्यातल्या गोळ्यांचं सांगितलं. "पूर्ण घेतल्या होत्यास?"

"बरं वाटलं म्हणून सोडल्या."

"अर्धवट औषधानं असा ताप दबतो, जात नाही. मी बायकांची डॉक्टर, हे माझं काम नव्हे. पण मला टायफाइड वाटतोय. रक्त तपासल्याशिवाय कोणी खात्रीनं सांगू नये. चिठ्ठी देते, आजच दाखल हो. उद्यावर ढकलू नकोस. लांबला तर आतड्याला भोक पडतं. पोटात एकदम जोरात कळ आली किंवा काळी शी झाली, तर कोणाची वाट बघायची नाही, लगेच सांगायचं."

माझी परवानगी घेऊन त्यांनी मावशीला आत बोलावलं. "हिला दिवस गेलेले नाहीत. टायफाइड असावा. पाणी कुठलं पिता तुमच्याकडं?"

मावशीच्या चेहऱ्यावर आधी सुटकेसारखं काहीतरी आलं आणि लगेच ते गेलं. "पानी? आमच्या टाकीचं. लई चांगलं पानी हाय आमचं."

"उकळून पिता?"

"चांगलं पानी कशापायी उकळायचं?" मावशी म्हणाली. पण रिक्षात बसल्यावर हॉस्पिटल येईपर्यंत ती बोटातली अंगठी फिरवत राहिली.

दाखल केल्यावर रक्त घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातले जंतू वाढवून बघायचे असतात, त्याला काही दिवस लागतात. तोवर शिरेतून औषध सुरू करू. मला वाटलं, आता औषध मिळालं, उद्या ताप उतरणार. उतरला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. औषध लागू पडलं तरी टायफाइडचा ताप सावकाश उतरतो, असं नर्स सांगायची. पण मला धीर नव्हता. मी सारखी खिडकी उघडायला सांगायची, उघडली की बंद करायला सांगायची. त्या दिवसांतलं मला सलग आठवत नाही. चिपळूणवाली कामावरून येऊन बसायची, तिनं नंतर सांगितलं की मी डोळे अर्धवट उघडे ठेवून चादरीच्या कडेला टेप गुंडाळत होते. बोटं सारखी फिरायची आणि मधेच मी म्हणायची, "बसला नाही, हा बसला नाही." ती घाबरून नर्सला बोलवायची.

चिपळूणवालीनं फोन केला तशी आई रातोरात एसटीनं आली. तिला पाहिलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की मावशी आता सांगणार. मावशी माझ्या खाटेशीच बसली होती. मी डोळे मिटून पडून राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले.

"पोरगी लई गुनी हाय तुमची," मावशी म्हणाली. "कामाला चुकत न्हाई. मान वर करून बगत न्हाई."

आई रडायला लागली. "तुम्ही होतात म्हणून, माय. आम्ही इतक्या लांब. तुम्हीच वळखलं आन् दवाखान्यात आणलं, नसता काय झालं असतं माझ्या लेकराचं."

मी डोळे किलकिले केले. मावशी पिशवीतलं मोसंबं काढून सोलायला लागली. मला हसावं की ओरडावं कळेना. आईनं मोसंब्यासकट तिचे हात हातात घेतले आणि मी तोंड उघडलं असतं तर ते हात सुटले असते. मी पुन्हा डोळे मिटले. खरं हेही होतंच की तिनं नेलं नसतं तर मी त्या दिवशी गेले नसते. गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी लाइनवर उभी राहिले असते.

तो गाडीवाला मुलगाही एकदा शहाळं घेऊन आला. मावशीनं त्याच्या हातातून शहाळं घेतलं आणि त्याला गाव, आईबाप, बहिणी, जमीन, सगळं विचारून घेतलं. बिचारा उभ्यानंच उत्तरं देऊन गेला, माझ्याशी एक शब्द बोलता आला नाही त्याला. पुन्हा काही तो आला नाही.

रिपोर्ट आला. टायफाइडच. त्याच सुमारास एका दुपारी मी झोपेतून उठले तर कपाळ दुखत नव्हतं आणि अंग गार होतं. संध्याकाळची वाट पाहत राहिले. संध्याकाळीही अंग गारच. आईनं पेज भरवली. पेजेला चव होती, मिठाची, तांदळाची. मी वाटी पुसून खाल्ली.

मधल्या काळात मावशीनं टाकी उघडायला लावली होती. चिपळूणवालीनं वर्णन केलं: झाकण एका बाजूनं तुटलेलं, तळाशी गाळ, आणि त्यात कसली तरी पिसं. मावशीनं माणूस लावून टाकी घासून घेतली, नवं झाकण बसवलं, आणि प्रत्येक खोलीत जाऊन बजावलं की पाणी उकळून प्यायचं. शेवटच्या खोलीतल्या एका मुलीला अंगात कणकण होती, तिलाही धरून रक्त तपासायला नेलं. तिला टायफाइड नव्हता, साधाच ताप निघाला. मला तो टाकीतून झाला, कँटीनमधून झाला, की स्टॉपवरच्या बर्फाच्या सरबतातून, ते कधीच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिरा ते कोणी सांगू शकत नाही.

पाण्याचं सांगता सांगता मावशीनं आणखी एक काम केलं. दारोदार, दुकानात, पिठाच्या गिरणीत, तिनं सगळ्यांना सांगितलं, "टायफाइड व्हता हो पोरीला, टायफाइड!" कोणाच्या पोरीचा पहिला नंबर आल्यासारखं. डिस्चार्ज मिळून खोलीवर आले तर ज्या बायका कधी बोलत नव्हत्या त्या थांबून विचारायच्या, "टायफाइड झाला होता ना तुम्हाला?" मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी अंगावर काटाही यायचा. मी चांगली मुलगी आहे हे गावाला पटायला एवढा आजार व्हावा लागला होता.

पुढं महिनाभर मी लातूरला घरी होते. केस मूठमूठ गळले. आई ते गोळा करून माझ्या नजरेआड टाकून द्यायची. पोट बरोबर झालं, पाळीही आली. कंपनीनं परत घेतलं, पण माझी बॅच पुढं गेली होती, म्हणून नव्या मुलींबरोबर पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग. खोली तीच ठेवली. दुसरीकडं जावं असं कितीदा मनात आलं, पण चिपळूणवालीला सोडून जाववत नव्हतं.

एकदा दुपारच्या शिफ्टला निघाले होते. मावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी थांबले आणि इतके दिवस घशाशी अडकलेलं बोलून टाकलं. "मावशी, दवाखान्यात नेण्याआधी तुम्ही मला नुसतं विचारलं असतंत तर?"

तिनं वर पाहिलं. "काय इचारलं असतं?"

"काय होतंय म्हणून."

मिरच्या पसरवत ती म्हणाली, "तू न्हाई म्हनाली असतीस."

"तेच खरं होतं म्हणून 'नाही' म्हणाले असते."

"व्हय. पर मी इश्वास ठिवला नसता. खोटं कशाला बोलू. नसताच ठिवला."

मला वाटलं होतं ती कबूल करणार नाही, आणि मग मी चिडेन. आता चिडताही येईना. ती मिरचीच्या हातानं डोळ्यावर आलेली बट मागं सारणार इतक्यात मीच पुढं झाले, ती बट तिच्या कानामागं सारली आणि बसस्टॉपकडं निघाले.